मौजे, तालुका, जिल्हा : पडद्यावरील वृक्षाची मांडणी

टपालाच्या पाकिटावर पत्ता लिहिताना आपण प्रथम माणसाचे नाव, मग मुक्काम व पोस्ट, त्याखाली तालुका आणि सर्वांत शेवटी जिल्हा लिहितो. आणि पिनकोड येण्यापूर्वी पत्रांची वर्गवारी करणारा टपाल कर्मचारी तोच पत्ता तळापासून वर वाचीत जाई, कारण हे पत्र कोणत्या जिल्ह्याच्या थैलीत टाकावयाचे एवढेच त्याला आधी ठरवावयाचे असे, आणि घर कोणाचे हा प्रश्न अगदी अखेरीस गावच्या पोस्टमनपुढे यावयाचा असे. लिहिणारा पानापासून मुळाकडे येतो, वाचणारा मुळापासून पानाकडे जातो. वाट मात्र एकच. संगणकाच्या पडद्यावरील ज्या साधनाविषयी मला येथे लिहावयाचे आहे, ते या वाटेचेच चित्र आहे. डाव्या अंगास एकाखाली एक नावे, काही नावांच्या अलीकडे लहानसा बाण किंवा अधिकाचे चिन्ह, त्यावर क्लिक केले की त्या नावाखाली, किंचित आत सरकून, त्याची पोटनावे उलगडावीत आणि पुन्हा क्लिक केले की मिटावीत, एवढाच त्याचा बाह्य विस्तार. प्रोग्राम लिहिणारी मंडळी त्याला ‘ट्री व्ह्यू’ किंवा नुसते ‘ट्री’ म्हणतात, आणि त्यातील प्रत्येक नावाला ‘नोड’.

सर्व काही एका दृष्टिक्षेपात दाखविणे हे या साधनाचे प्रयोजन आहे असे पुष्कळांना वाटते. सर्व काही दाखवावयाचे असेल तर साधी यादी पुरेशी आहे. वृक्षाच्या मांडणीचे खरे कौशल्य झाकण्यात आहे; मात्र ते अशा रीतीने झाकावे लागते की येथे काही झाकलेले आहे हे पाहणाऱ्यास कळावे, आणि जे उघडे आहे ते कोणाच्या पोटात आहे याचा त्यास क्षणभरही विसर पडू नये.

महाराष्ट्राच्या महसुली रचनेचेच उदाहरण घेऊ. राज्याचे महसुली विभाग ६, त्यांत जिल्हे ३६, त्यांत तालुके ३५८, आणि तालुक्यांच्या पोटात गावे ४० हजारांहून अधिक; मधली मंडळे आणि सजे तूर्त बाजूला ठेवू. पडद्यावर मुळाशी ‘महाराष्ट्र’ ही एक ओळ आहे. ती उघडली की सहा विभाग दिसतात. त्यांतील पुणे विभाग उघडला की पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे पाच जिल्हे. त्यांतील सातारा उघडला की वाई, कऱ्हाड, फलटण, पाटण आदी ११ तालुके. या घटकेला पडद्यावर ओळी किती? १ अधिक ६ अधिक ५ अधिक ११, म्हणजे अवघ्या २३. चाळीस हजार गावांचा पसारा पाठीशी असताना पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे २३ ओळी आहेत, आणि तेवढ्यातच तो वाई तालुक्यावर बोट ठेवून असतानाही शेजारचा खंडाळा, वरचा सातारा, बाजूचा मिटलेला सांगली आणि दूरचा मिटलेला नागपूर विभाग, सर्व आपापल्या जागी त्याला दिसत आहेत. एकामागून एक निवडावयाच्या तीन चौकटींतून, म्हणजे आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव अशा क्रमाने, त्याच गावापर्यंत पोहोचता येते हे खरे; परंतु त्या चौकटींत निवड झाली की न निवडलेले सर्व अदृश्य होते, आणि चुकून शेजारचा तालुका निवडणाऱ्याला आपली चूक शेजारच्याच घरात झाली हे समजावयास मार्ग राहात नाही.

असा पसारा एकात एक ठेवण्याची रीत संगणकाने शोधून काढलेली नाही. मराठेशाहीच्या कारभारात सुभ्याखाली परगणा, परगण्याखाली तर्फ आणि तर्फेखाली मौजे अशी उतरंड होती. आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद अजूनही पुडक्यात, पुडके रुमालात आणि रुमाल दप्तरात अशाच व्यवस्थेने सांभाळले जातात. संगणकात ही व्यवस्था प्रथम विस्ताराने मांडली गेली ती १९६५ साली, मल्टिक्स नावाच्या यंत्रणेच्या आराखड्यात. तेथून ती युनिक्स या यंत्रणेत उतरली आणि फोल्डरच्या पोटात फोल्डर ही कल्पना जगभर रुजली. कागदांची ही उतरंड संगणकात नांदू लागली तरी ती पडद्यावर दिसत मात्र नव्हती. मनात धरून चालावे लागे. उतरंड डोळ्यांपुढे उघडता-मिटता येते हे लोकांसमोर करून दाखविण्याचे श्रेय संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांचे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे, ज्या प्रात्यक्षिकात माउस हे उपकरण जगाने प्रथम पाहिले, त्याच प्रात्यक्षिकात त्यांनी बाजारहाटाची एक यादी घेऊन तिचे गट पाडले आणि पोटबाबी क्षणात मिटवून क्षणात उघडून दाखविल्या. पुढे १९८५ मध्ये डॉसवर चालणाऱ्या एक्सट्री या प्रोग्रामने फोल्डरांचे झाड रेघांनी काढून दाखविले, १९९१ मध्ये मॅकिंटॉशच्या सिस्टिम ७ ने नावाअलीकडे फिरणारा लहानसा त्रिकोण आणला, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या विंडोज ९५ ने अधिक-उण्याच्या चौकटी घरोघर आणि कचेरी-कचेरीत पोहोचविल्या.

आता आतली रचना. वस्तुतः यंत्राच्या स्मरणात झाड असे काही नसतेच; असते ते एक साधे कोष्टक. त्यात प्रत्येक गावाला, तालुक्याला, जिल्ह्याला एक ओळ, आणि त्या ओळीत तीन रकाने: स्वतःचा क्रमांक, नाव आणि आपल्या वरिष्ठाचा क्रमांक. वाईच्या ओळीत साताऱ्याचा क्रमांक, साताऱ्याच्या ओळीत पुणे विभागाचा, आणि मुळाशी असलेल्या महाराष्ट्राच्या ओळीत तो रकाना रिकामा. प्रत्येकाने फक्त आपला वरिष्ठ सांगावयाचा. कोणाच्या हाताखाली किती माणसे हे कोणीच लिहून ठेवीत नाही, तरी सर्व उतरंड त्या एका रकान्यातून उभी राहते. या साधेपणाचे मोल १ ऑगस्ट २०१४ रोजी ध्यानात यावे. त्या दिवशी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा व पालघर हे ८ तालुके त्याकडे गेले. कोष्टकात करावयाचे काम एवढेच: पालघर जिल्ह्याची एक नवी ओळ, आणि आठ तालुक्यांच्या ओळींत वरिष्ठाचा क्रमांक बदलणे. त्या तालुक्यांतील शेकडो गावांच्या ओळींना हातही लावावा लागत नाही. ती आपापल्या तालुक्याचा हात धरून नव्या जिल्ह्यात येतात. याउलट, एखाद्या शाखेतील सर्व बाबी एका झटक्यात वेचता याव्यात म्हणून प्रत्येक नोडला आरंभाचा व अखेरचा असे दोन आकडे देऊन ठेवण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात शोध जलद होतो, परंतु अशी फाळणी झाली की हजारो आकडे नव्याने लिहावे लागतात. ज्या राज्यात तालुके आणि जिल्हे अधूनमधून नव्याने आखले जातात, तेथे मी पहिली पद्धत पसंत करीन.

कोष्टकावरून पडद्यावरच्या ओळी तयार होतात त्या वंशावळ वाचण्याच्या जुन्या रीतीने. मूळ पुरुषापासून आरंभ करून थोरल्या मुलाचे नाव घ्यावयाचे, त्याची संपूर्ण संतती संपल्याशिवाय धाकट्याकडे वळावयाचे नाही, आणि त्या संततीतही हाच नियम पाळावयाचा. मिटलेल्या नोडपाशी आल्यावर यंत्र त्याचे नाव लिहिते आणि आत न शिरता पुढच्या भावंडाकडे जाते. मुळापासून किती पायऱ्या उतरलो त्या प्रमाणात ओळ उजवीकडे सरकवावयाची, की झाड झाले. म्हणजे पडद्यावर जे दिसते ती अखेर एक सरळ यादीच असते; तिला झाडाचे रूप येते ते केवळ समासाच्या त्या पावलापावलाने वाढणाऱ्या मोकळ्या जागेमुळे.

परंतु कोणी सर्वच शाखा उघडल्या तर? चाळीस हजार ओळी, प्रत्येकीची उंची वीस बिंदू धरली, तर एकंदर उंची ८ लाख बिंदू होते. आणि पडदा हजार बिंदूंचा असेल तर ती यादी आठशे पडदे लांब भरेल. ती सगळी रेखाटण्याचा प्रयत्न करणारा प्रोग्राम गुदमरून थांबतो. म्हणून जाणते कारागीर दृष्टीस पडणाऱ्या पन्नासेक ओळीच तेवढ्या घडवितात, आणि वाचणारा खाली सरकला की त्याच ओळी पुसून त्यांवर नवी नावे चढवितात. यात अडचण अशी की बाजूची सरकपट्टी किती लांब दाखवावी आणि तिच्या मध्यावर नेमके कोणते गाव यावे, हे न रेखाटलेल्या ओळी मोजल्यावाचून कळत नाही. यावरचा उपाय मला विशेष सुंदर वाटतो. प्रत्येक नोडने आपल्या पोटात सध्या उघड्या असलेल्या ओळींची संख्या स्वतःपाशी बाळगावयाची. वाई उघडली की तिच्या गावांची संख्या वाईच्या आकड्यात मिळवावयाची, मग साताऱ्याच्या, मग पुणे विभागाच्या आणि मग महाराष्ट्राच्या. चार बेरजा आणि हिशेब पूर्ण. विदर्भातील एकाही नोडला त्याची वार्ता नको. वीस हजारावी ओळ कोणती असे कोणी विचारले, तर यंत्र मुळापासून निघते, ज्या शाखेचा आकडा अपुरा पडतो ती संपूर्ण वजा करून ओलांडते, ज्या शाखेत तो बसतो तिच्यात उतरते, आणि पाच पावलांत त्या गावाच्या दारात उभे राहते.

या सर्व व्यवस्थेला शिस्त आली ती एका विभागणीमुळे, जी ट्रिग्वे रेन्स्काउग या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनसंस्थेत मांडली: माहिती सांभाळणारा विभाग वेगळा, तिचे दर्शन घडविणारा वेगळा. त्या विचाराच्या परंपरेतील साधनांत पडद्यावरचा वृक्ष माहितीचा मालक नसतो. तो प्रश्न विचारणारा असतो. जावा भाषेच्या स्विंग संचातील वृक्ष माहितीच्या विभागास विचारतो ते मुख्यतः असे: मूळ कोण, या नोडला अपत्ये किती, त्यातले अमुकावे अपत्य कोणते, आणि हे पान आहे काय. एवढ्यांची उत्तरे जो देऊ शकेल, मग ती महसुलाची कोष्टके असोत, वंशावळ असो की ग्रंथाची अनुक्रमणिका असो, त्याचे झाड तो वृक्ष काढून देतो.

प्रश्न विचारूनच माहिती मिळत असल्यामुळे ती गरजेपुरतीच मागविता येते. वाई तालुक्याची गावे कोणी वाई उघडीपर्यंत आणवूच नयेत, हा शहाणपणा बहुतेक सर्व प्रोग्राम पाळतात. पण मग वाईच्या अलीकडे बाण दाखवावा की नाही? आत काही आहे किंवा नाही हे आत पाहिल्याशिवाय कसे कळावे? पुष्कळ ठिकाणी यावर सोपा तोडगा काढतात: बाण सरसकट सर्वांना द्यावयाचा, आणि कोणी क्लिक केल्यावर आत काहीच न निघाल्यास तो गुपचूप काढून घ्यावयाचा. मला हा तोडगा पसंत नाही. बाण हे एक आश्वासन आहे. त्यावर विसंबून माणूस आपला हात हलवितो, आणि चार वेळा फसगत झाली की पाचव्या वेळी खऱ्या बाणावरही त्याचा विश्वास उरत नाही. कोष्टकात अपत्यसंख्येचा एक जादा रकाना ठेवून तो चोख सांभाळण्यास जे श्रम पडतात, ते या विश्वासापुढे अल्प आहेत.

विश्वासाचीच आणखी एक गोष्ट मला एका वृद्ध कारकुनाने शिकविली. एका कचेरीसाठी मी असा वृक्ष तयार केला होता, आणि नव्या नोंदी दिसाव्यात म्हणून दर काही मिनिटांनी तो माहिती पुन्हा वाचून आपले रूप ताजे करीत असे. पहिल्या आठवड्यात मी तेथे गेलो तेव्हा ते गृहस्थ हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहात बसले होते. मी चौकशी केली. ते म्हणाले, “अहो साहेब, मी गाव उघडून जमिनीचा गट शोधायला जातो, तेवढ्यात तुमचं हे सगळं दप्तर आपोआप बांधून ठेवतं. पुन्हा विभागापासून सुरुवात.” माझी चूक अशी होती की कोणती शाखा उघडी आहे हे मी तिच्या ओळीच्या स्थानावरून ओळखत होतो; नवी नोंद आली की स्थाने हलत, आणि घोटाळा टाळण्यासाठी मी सगळेच मिटवून टाकीत होतो. ओळखावयास हवे होते ते त्या नोडच्या कायमच्या क्रमांकावरून, जो वर-खाली नोंदी आल्या तरी बदलत नाही. दुरुस्ती दोन तासांची होती. परंतु त्या आठवड्यात त्यांनी किती वेळा विभागापासून आरंभ केला असेल, याची खंत मला आजही आहे. कारण उघडलेली शाखा ही यंत्राची अवस्था नव्हे, ती माणसाने आपल्या हातांनी ठेवलेली खूण आहे, आणि ती पुसण्याचा अधिकार प्रोग्रामला नाही.

शोधाची चौकट या वृक्षावर बसविताना तर हा विचार अधिकच लागतो. ‘वडगाव’ असे लिहून शोधावे तर राज्यात वडगावे किती तरी. नुसत्या नावांची यादी दिल्यास ती निरुपयोगी. म्हणून सापडलेल्या प्रत्येक गावाबरोबर त्याचा तालुका, जिल्हा आणि विभाग उघडे ठेवून बाकीच्या शाखा गाळाव्या लागतात. नावाच्या सारखेपणाची ही अडचण आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, आणि त्यांनी ती आपल्या परीने सोडविलीही होती: थोरल्या गावाला बुद्रुक, धाकट्याला खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतले, पहिला बुजुर्गचा मराठी अवतार, दुसरा लहान या अर्थाचा. आणि दप्तरातील ही शिक्क्यासारखी विशेषणे शतकानुशतके लोकांच्या तोंडी राहून गावांच्या नावांचाच भाग झाली. वृक्षाने बुद्रुक आणि खुर्द यांना एकाखाली एक दाखवावे, एवढे सौजन्य त्याच्याकडून अपेक्षिणे अवास्तव नाही. क्रमवारीचा विषय निघाला म्हणून सांगतो: गट क्रमांक जर अक्षरांच्या नियमाने लावले, तर १ नंतर १०, मग १००, आणि त्यानंतर कुठे २ येतो. शेताच्या बांधावर २ हा १ च्या शेजारी असतो, पडद्यावरही असावा.

कीबोर्डवरून वृक्षात फिरण्याचे संकेत आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहेत. उजवा बाण मिटलेली शाखा उघडतो, आणि ती उघडी असेल तर पहिल्या अपत्यावर नेतो. डावा बाण उघडी शाखा मिटवितो, आणि ती मिटलेली असेल तर वरिष्ठाकडे नेतो. डावा बाण दाबीत राहिल्यास माणूस कोठूनही मुळाशी पोहोचतो. ज्यांना दृष्टी नाही त्यांच्यासाठी पडदा वाचून दाखविणारे प्रोग्राम असतात, आणि त्यांना वृक्षाची भाषा कळावी म्हणून २०१४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने प्रमाण केलेल्या नियमांत नोडची पातळी, त्याचे भावंडांतील स्थान आणि त्याची उघडी-मिटलेली अवस्था शब्दांनी कळविण्याची सोय आहे. ‘वाई, चौथी पातळी, अकरांतील दहावे, मिटलेले’ असे जेव्हा कानावर पडते, तेव्हा समासातील ती मोकळी जागा पाहू न शकणाऱ्यालाही आपण कोठे उभे आहोत हे समजते. हे नियम न पाळता नुसत्या रेघांनी आणि रंगांनी सजविलेली झाडे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यासमोर अंध कर्मचाऱ्याला एकसुरी, उतरंडहीन नावांची रांग ऐकत बसावे लागते, आणि हा अन्याय केवळ दुर्लक्षाने होतो.

वृक्ष एक गोष्ट मात्र मुळीच सांगू शकत नाही, ती म्हणजे कोणती शाखा किती जड आहे. मेरीलँड विद्यापीठात १९९० मध्ये बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेतील ८० मेगाबाइटची सामायिक डिस्क वारंवार भरू लागली, आणि तिचा वापर करणाऱ्या १४ जणांपैकी कोणाच्या फायलींनी जागा अडविली हे उघडझाप करून शोधणे त्यांना जिकिरीचे झाले. तेव्हा त्यांनी संपूर्ण उतरंड एका आयतात बसविली, आयताचे शाखांच्या आकारमानाप्रमाणे तुकडे पाडले आणि तुकड्यांचे पुन्हा तुकडे; त्या मांडणीला ट्रीमॅप म्हणतात. ती वजन दाखविते, वाट दाखवीत नाही.

याहून खोल मर्यादा निराळी आहे. वरिष्ठाचा रकाना एकच असल्याने प्रत्येक नोडला एकच घर मिळते, आणि जगातील वस्तूंना पुष्कळदा दोन घरे असतात. शेतजमिनीचा गट हा गावाचा असतो तसा तो खातेदाराचाही असतो, आणि वाटणी न झालेल्या भावांच्या गटाला तर एकाच वेळी अनेक मालक असतात. तलाठ्याच्या दप्तराने हे कधीच ओळखले होते. गाव नमुना ७ आणि १२, ज्यांच्या जोडीला आपण सातबारा म्हणतो, तो जमिनीकडून निघतो: गाव, गट, हिस्सा, आणि मग त्यावर कोणाचा अधिकार व कोणते पीक. गाव नमुना ८अ माणसाकडून निघतो: गाव, खाते, आणि त्या खात्यावर कोणकोणते गट. पाने तीच, झाडे दोन. पडद्यावर बहुधा या दोन झाडांपैकी एकच उभे केलेले असते, आणि दुसऱ्याची गरज पडली की मागे फिरून नव्याने शोध घ्यावा लागतो. वास्तविक त्यांना जोडणारा धागा कागदावर छापलेलाच आहे: सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी त्याचा खाते क्रमांक असतो. त्या क्रमांकावर क्लिक करताच शेजारी दुसरे झाड उघडावे, त्यात ते खाते उलगडलेले असावे, त्याच गावातील त्या कुटुंबाचे उरलेले गट त्याखाली दिसावेत, आणि हे सर्व होत असताना पहिल्या झाडातील गाव व गट जसे उघडे होते तसेच उघडे राहावेत.